आजाची वहाण

माझ्या आजाची वहाण माझ्याकडं आहे. दोन्ही पाय. कातडी, अंगठ्याची, जाड तळाची. आजा कळमनुरी तालुक्यातला. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. तो परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा निघाला. आजाचा जन्म तर निजामाच्या राज्यातला, आणि वहाणही त्याच राज्यातली.

मित्रांनो, इतिहास म्हटलं की आपण कागद शोधतो. आमच्या आजानं कागद ठेवला नाही, त्याला लिहिताच येत नव्हतं. त्यानं वहाण ठेवली. ती वाचायला मला बरीच वर्षं लागली.

लहानपणी ती तुळईच्या खुंटीला टांगलेली असायची, चुलीच्या धुराच्या वाटेवर. धुरानं कीड लागत नाही, उंदराचा दात पोचत नाही. पावसाळाभर ती तिथंच. काळ्या मातीच्या चिखलात कातडं फुगतं, टाके सुटतात, तळाचे पदर उकलतात. म्हणून मृग लागला की वहाण वर अन् माणूस अनवाणी. ती खाली यायची ती ऊन तापायला लागल्यावर.

मग आजाचा सोहळा चालायचा. आधी ओल्या फडक्यानं पुसायची. पाण्यात बुडवायची नाही. घामाचं मीठ कातड्यावर पांढरं फुटतं, ते पुसून काढायचं. टाक्यांतली धूळ बाभळीच्या काट्यानं उकरायची. वाळवायची सावलीत. उन्हात टाकली तर कातडं आखडतं, तडकतं. मग तेल पाजायचं. पाजायचं हा शब्द आजाचाच नाही, अख्ख्या मुलखाचा आहे. कातडं पितंच ते. सालीवर कमावलेल्या कातड्यातली चरबी वैशाखाच्या झळांनी सुकते, तंतू कोरडे होतात आणि वाकेल तिथं भेग पडते. तेल त्या तंतूंना मऊ ठेवतं.

घरात करडीचं तेल असायचं, पण आजा ते वहाणेला लावू द्यायचा नाही. करडीचं तेल वाळून चिकट होतं, धूळ धरतं. त्याला एरंडीचंच लागायचं. बांधावरच्या एरंडीच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल निथळून घ्यायचं. बोटानं पट्ट्यात जिरवायचं, टाक्यात जिरवायचं, रातभर ठेवायचं, सकाळी उरलेलं पुसायचं.

माय म्हणायची, "लेकरापरीस व्हाणंला तेल जास्त."

एकदा मी वहाण उलटी करून बघितली. तळ झिजलेलाच नव्हता. टाच जवळजवळ नवी. पण पट्टे काळेभोर, गुळगुळीत, एका बाजूनं दबलेले. मी विचारलं, आज्या, इतक्या वर्षांची वहाण झिजली कशी न्हाई?

"झिजंल कशी? गावात पायात व्हतीच कवा? हातातच व्हती."

पट्ट्याचा काळेपणा पायाचा नव्हता, हाताचा होता. हाताच्या घामाचा. वेशीपाशी आलं की वहाण काढायची, हातात घ्यायची किंवा काखेत दाबायची. चावडी, मारुतीचं देऊळ, पाटलाचा वाडा मागं टाकून गावाबाहेर पडायचं आणि मग घालायची. गावोगावी हीच रीत होती. तेल पाजलेली वहाण चालताना करकर वाजते, आणि त्या करकरीचाच राग होता.

आता उन्हाळा बघा. वैशाखात काळं रान दुपारी तव्यासारखं होतं. पऱ्हाटीचे खुंट, जवारीचे सड, बाभळीचे काटे. ज्याला घरात बसायचं त्याला वहाणेची काय गरज? गरज रानात राबणाऱ्याला. अन् तोच हातात वहाण घेऊन पाय भाजत चाललेला. आजा ती जपायचा त्याचं कौतुक मला वाटायचं. आता वाटतं, जी वस्तू घालूच दिली जात नव्हती, ती जपण्यातच त्याची सारी हौस गेली.

आणि ती केली कुणी? मेलेलं ढोर ओढायचं महारानं. कातडं कमवायचं ढोरानं, चुन्याच्या खड्ड्यात घालून केस काढायचे, तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. शिवायचं चांभारानं, रापी न् आरी घेऊन. वाद्या, नाडे वळायचे मांगानं. एका वहाणेत चार जातींचे हात. पण या चौघांनी एका मडक्यातलं पाणी प्यायलं नाही. एकमेकांत पोरीबाळी दिल्या नाहीत. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. आपण सवर्णांवर बोट ठेवतो, ठेवलंच पाहिजे. पण चांभारवाड्यात, मांगवाड्यात आपलं जाणंयेणं किती, हेही एकदा विचारा. मला स्वतःला त्याचं उत्तर देताना अवघड होतं.

आमचा मुलूख संतांचा म्हणून मिरवतो. नर्सी नामदेवाची. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजला होता अशी कथा आहे. नामदेव म्हणाला पाय काढ, तर विसोबा म्हणाला, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव. कथा मला आवडते. पण नामदेवाच्याच सोबतीचा चोखोबा पंढरपुरात देवळाच्या दाराबाहेर राहिला. दाराबाहेर जोडे राहतात, आणि चोखोबा राहिला. पिंडीवर पाय ठेवणाऱ्या गुरूची कथा गावानं घोळून घोळून सांगितली, आणि आमच्या पायाला मात्र वेशीतून वहाण घालून जाऊ दिलं नाही.

निजामाच्या राज्यात पायाची धूळ धुणंही गुन्हा होता. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला आले. रमजानचा महिना होता. प्रवासानं सगळे धुळीनं माखलेले. दाराशी पाण्यानं भरलेला हौद होता. काहींनी त्यातलं पाणी घेऊन फरसावर तोंड न् पाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून. शेवटी पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडलं. हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. सरकार मुसलमानाचं होतं, पण अस्पृश्यता तिथंही होतीच.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. २६ जानेवारी १९५० ला घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. १९५५ ला तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वाड्यानं ढोर ओढणं सोडलं. पण वहाण लगेच पायात आली नाही. बापानं रबरी स्लिपर घातली आणि मुद्दाम चावडीवरून गेला. ती करकरत नव्हती, फटक फटक वाजायची. आठ दिवस कुणी कामाला बोलावलं नाही. आजानं त्याला शिव्या दिल्या, आणि रात्री आपली वहाण खाली काढून तेल पाजत बसला. पण तो ती घालून गावातून कधी गेला नाही. असं कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, म्हणून लिहितोय.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. मग अॅट्रॉसिटी कायदा काढून बघा. मूळ कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालायला, सायकल-मोटारसायकलवर बसायला, वरात काढायला अडवणं हा गुन्हा, असं तिथं लिहिलंय. चपलांचा हार घालणं हाही वेगळा गुन्हा. स्वातंत्र्याला अडुसष्ट वर्षं झाल्यावर संसदेला कायद्यात चपलेचं नाव घालावं लागलं. उगाच घातलं नसेल.

मी ती वहाण दर चैत्रात काढतो. पुसतो, एरंडीचं तेल पाजतो. पट्ट्याच्या त्या काळ्या जागेवर मात्र जपून हात फिरवतो, तो डाग जाऊ द्यायचा नाही.

गड्यांनो, तुमच्या घरातही एखादी खुंटीला असेल. प्लास्टिकच्या सँडली आल्यावर बऱ्याच उकिरड्यावर गेल्या. उरल्यात त्या उलट्या करून बघा, तळ किती झिजलाय आणि पट्टा कुठं काळा पडलाय. म्हाताऱ्यांना विचारा, काढायची जागा कोणती होती, घालायची कोणती. गावाचं नाव घालून ते लिहून काढा. आमच्या गावात काढायची जागा म्हणजे वेशीजवळचा लिंब. रस्ता रुंद करताना तो तोडला.