द प्लेयर (१९९२ चित्रपट)

द प्लेयर हा हॉलिवूडमधील चित्रपटव्यवसायावर उपरोधिक भाष्य करणारा, १९९२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन रॉबर्ट ऑल्टमन यांनी केले असून पटकथा मायकेल टॉल्किन यांनी स्वतःच्याच १९८८ मधील कादंबरीवरून लिहिली आहे. टिम रॉबिन्स, ग्रेटा स्काकी, फ्रेड वॉर्ड, व्हूपी गोल्डबर्ग व पीटर गॅलाघर यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत.

पार्श्वभूमी

हॉलिवूडने स्वतःवरच टीका करण्याची परंपरा जुनी आहे. बिली वाइल्डर यांच्या सनसेट बुलेव्हार्ड (१९५०) या चित्रपटात एका विस्मृतीत गेलेल्या अभिनेत्रीच्या हातून जो गिलिस या पटकथालेखकाचा मृत्यू होतो. द प्लेयरमध्ये धमक्या देणारा अज्ञात लेखक हेच नाव धारण करतो. हे नाव कोणाचे, असा प्रश्न मात्र स्टुडिओच्या अधिकाऱ्याला पडतो.

कथानक

ग्रिफिन मिल हा एका मोठ्या स्टुडिओतील अधिकारी आहे. लेखकांच्या कथाकल्पना ऐकून त्या स्वीकारणे वा नाकारणे हे त्याचे काम. वर्षाला सुमारे ५०,००० कथा कानांवर पडतात आणि त्यांपैकी केवळ १२ स्वीकारता येतात, असे तो सांगतो. नाकारला गेलेला एक लेखक त्याला धमकीची पोस्टकार्डे पाठवू लागतो. हा लेखक डेव्हिड कहेन असावा, अशा समजुतीने ग्रिफिन त्याला गाठतो आणि भांडणात त्याचा खून करतो. त्यानंतरही पोस्टकार्डे येतच राहतात. पुढे ग्रिफिन कहेनच्या प्रेयसीच्या, जूनच्या, प्रेमात पडतो. ओळखपरेडीत साक्षीदार भलत्याच व्यक्तीकडे बोट दाखवते आणि ग्रिफिन सुटतो.

उपरोधाचे स्वरूप

चित्रपटाचा आरंभ सुमारे आठ मिनिटांच्या सलग दृश्याने होतो. त्यात स्टुडिओच्या आवारात लेखक आपापल्या कथा मोजक्या शब्दांत विकताना दिसतात, तर एक पात्र ऑर्सन वेल्स यांच्या टच ऑफ ईव्हिल (१९५८) मधील प्रदीर्घ आरंभदृश्याची स्तुती करत आजच्या तुकड्या-तुकड्यांच्या संकलनाला नावे ठेवते. हे सर्व प्रेक्षक तशाच एका दृश्यातून पाहत असतो. अनेक प्रसिद्ध कलावंत पाहुणे म्हणून स्वतःच्याच नावाने वावरत असल्याने कल्पित कथा व प्रत्यक्ष हॉलिवूड यांतील सीमा पुसट होते.

उपरोधाचा मुख्य रोख लेखकाच्या स्थानावर आहे. वृत्तपत्रांतील मथळ्यांवरूनच कथा रचता येतील, लेखकाची गरज नाही, असे एक अधिकारी बैठकीत सुचवतो. हेबियस कॉर्पस या चित्रपटातील चित्रपटाचा प्रवासही हेच दाखवतो. त्यात नामवंत तारे नसावेत आणि निर्दोष नायिकेचा अंत व्हावा, असा त्याच्या लेखकाचा आग्रह असतो. प्रत्यक्षात त्यात ज्युलिया रॉबर्ट्स व ब्रूस विलिस घेतले जातात आणि नायक नायिकेला अखेरच्या क्षणी वाचवतो. हा बदल लेखक स्वतःच उचलून धरतो. त्याविरुद्ध बोलणाऱ्या बॉनी या कर्मचारी स्त्रीला मात्र नोकरी गमवावी लागते.

अखेरीस तोच पोस्टकार्डे पाठवणारा लेखक ग्रिफिनला दूरध्वनीवरून त्याच्याच गुन्ह्याची कथा विकतो. शेवट सुखद असेल, या हमीवर ग्रिफिन ती स्वीकारतो. घरी परतल्यावर त्याच्यात व गर्भवती जूनमध्ये हेबियस कॉर्पसच्या अखेरीचाच संवाद घडतो. अशा रीतीने चित्रपट ज्या ठरावीक सुखान्ताची थट्टा करतो, तोच स्वतःही स्वीकारतो. खुनी सुटल्याने मात्र हा सुखान्त प्रेक्षकाला अस्वस्थ करतो, आणि चित्रपटाची टीका स्टुडिओपुरती न राहता असे शेवट हवे असणाऱ्या प्रेक्षकापर्यंतही पोहोचते.

पुरस्कार

१९९२ च्या कान चित्रपट महोत्सवात ऑल्टमन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा, तर रॉबिन्स यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट विनोदी अथवा संगीतप्रधान चित्रपटाचा गोल्डन ग्लोब पुरस्कारही त्यास लाभला. ऑस्कर पुरस्कारांसाठी दिग्दर्शन, आधारित पटकथा व संकलन या तीन विभागांत त्याला नामांकने होती.