बोलावणं आलं, परतीची वाट बंद झाली

आज आपण ज्याला सरसकट ‘रेसिडेन्सी’ म्हणतो त्याविषयी बोलायचं आहे. एखादं विद्यापीठ किंवा संस्था परदेशातल्या लेखकाला, चित्रकाराला, पत्रकाराला काही महिने किंवा वर्षभर बोलावते. राहायची सोय करते, खर्चाला पैसे देते आणि सांगते की तुमचं काम करा. ऐकायला सरळ आहे. पण आफ्रिकेतल्या लेखक-कलावंतांच्या बाबतीत हा इतिहास पाहायला लागलो की आपण फार लवकर कलेवरून पासपोर्टवर येतो. म्हणून सुरुवातही तिथूनच करू.

दक्षिण आफ्रिकेत १९५५ साली देश सोडण्यावर नियंत्रण आणणारा एक कायदा झाला. पासपोर्टशिवाय बाहेर पडणं हा गुन्हा ठरला. आता पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर. ज्याला द्यायचा नाही त्याच्यासाठी एक दुसरा कागद होता, एक्झिट परमिट. म्हणजे काय, तर खुशाल जा, पण परत यायचं नाही. परत पाऊल ठेवलंत तर तुरुंग. वरवर पाहता सरकारने कुणालाच हाकललं नाही, माणूस आपल्या हाताने अर्ज करून गेला! हद्दपारी स्वतःच्या सहीने करून घेण्याची ही युक्ती आपण नीट लक्षात ठेवू.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून पत्रकारांसाठी नीमन फेलोशिप आहे. वर्षभर विद्यापीठात राहायचं, हव्या त्या विषयाची व्याख्यानं ऐकायची, वाचायचं. १९६० साली ही फेलोशिप लुईस न्कोसी या तरुण पत्रकाराला मिळाली. ‘ड्रम’ मासिकात लिहिणारा, डर्बनचा. पासपोर्ट नाकारला गेला, त्याने एक्झिट परमिट घेतलं आणि गेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं परदेशात.

त्यानंतर चार वर्षांनी नॅट नकासा. हेही ‘ड्रम’चेच. डर्बनजवळच्या चेस्टरविल वस्तीत वाढलेले, पुढे जोहान्सबर्गला आलेले. १९६३ मध्ये त्यांनी ‘द क्लासिक’ नावाचं साहित्यिक नियतकालिक काढलं. ‘रँड डेली मेल’ या गोऱ्यांच्या दैनिकात स्तंभ लिहिणारे ते पहिले कृष्णवर्णीय. वय सत्तावीस. १९६४ मध्ये नीमनचं बोलावणं आलं. पासपोर्ट मिळाला नाही. आता काय करायचं? न जावं तर अशी संधी पुन्हा येण्याची शाश्वती नाही, आणि जावं तर आपल्या गावाला, भाषेला, वाचकांना कायमचं मुकायचं. त्यांनी परमिटवर सही केली.

इथे थोडं थांबू, कारण रेसिडेन्सीच्या हिशेबात न बसणारी गोष्ट इथेच आहे. फेलोशिपला शेवटची तारीख असते. विद्यापीठाच्या दृष्टीने शैक्षणिक वर्ष संपलं की पाहुणा आपल्या घरी जातो. नकासांना घर उरलेलंच नव्हतं. १९६५च्या उन्हाळ्यात मुदत संपली तेव्हा हाताशी नागरिकत्व नव्हतं आणि अमेरिकेतल्या मुक्कामाची परवानगीही संपत आली होती. १४ जुलै १९६५ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. आत्महत्या अशी नोंद झाली. अठ्ठावीस वर्षांचे होते. मायदेशी नेणं शक्य नव्हतं, म्हणून न्यूयॉर्कजवळच्या फर्नक्लिफ दफनभूमीत पुरलं. त्यांचे अवशेष दक्षिण आफ्रिकेत आले ते २०१४ मध्ये, एकोणपन्नास वर्षांनी. त्या सप्टेंबरात चेस्टरविलमध्ये पुन्हा दफन झालं.

नीमनवाल्यांनी वाईट हेतूने बोलावलं असं आपण म्हणणार नाही. पण त्या काळातला पैसा तपासायलाच हवा. ‘द क्लासिक’ला ज्या फारफील्ड फाउंडेशनची मदत होती ती संस्था सीआयएच्या पैशाचा एक आडमार्ग होती, हे पुढे उघड झालं. शीतयुद्ध चालू होतं, नवे आफ्रिकी देश स्वतंत्र होत होते, आणि तिथल्या लिहित्या माणसांनी आपल्या बाजूने विचार करावा अशी दोन्ही गटांची धडपड होती. म्हणून लेखक विकले गेले असं होत नाही. त्यातल्या अनेकांना तर पैसा कुठून येतो याचा पत्ताही नव्हता.

पाहुण्याने यजमानाचं ऐकलंच असंही नाही. नायजेरियाचे कवी जे. पी. क्लार्क १९६२ मध्ये प्रिन्स्टनला पार्विन फेलोशिपवर गेले. वर्गांना दांड्या मारल्या, यजमानांशी वाजलं, आणि मुदतीआधीच त्यांना परत जायला सांगण्यात आलं. घरी येऊन त्यांनी ‘अमेरिका, देअर अमेरिका’ हे जळजळीत पुस्तक लिहिलं, १९६४ मध्ये. आपल्याला ते पुस्तक काही ठिकाणी उगाच भांडखोर वाटतं. पण फरक बघा. नायजेरिया १९६० लाच स्वतंत्र झाला होता. क्लार्क यांच्या खिशात स्वतःच्या देशाचा पासपोर्ट होता, म्हणून भांडून घरी परतणं त्यांना परवडलं.

बेसी हेड यांना ते परवडणारं नव्हतं. त्याही दक्षिण आफ्रिकेच्या. १९६४ मध्ये एक्झिट परमिटवरच शेजारच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, शिक्षिका म्हणून गेल्या आणि सेरोवे गावात निर्वासित म्हणून राहिल्या. १९७७ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाने त्यांना बोलावलं. पॉल एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये सुरू केलेला हाच तो कार्यक्रम, जिथे १९७५ मध्ये आपले दिलीप चित्रे गेले होते. (चित्र्यांनी त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, इथिओपियात तीन वर्षं शिकवलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) बेसी हेड आयोवाला गेल्या तेव्हा कुठल्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. तरी त्या सेरोवेला परत आल्या. बोत्स्वानाचं नागरिकत्व मिळालं १९७९ मध्ये, पंधरा वर्षांनी.

चित्रकारांनी मात्र वेगळी वाट काढली. डेव्हिड कोलोआने १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रँगल कार्यशाळेला जाऊन आले. आपल्यासारखे चार-दोन जण दरवर्षी तिकडे जाणार, मग बाकीच्यांचं काय? त्यांनी आणि बिल आइन्स्ली यांनी १९८५ मध्ये तशीच कार्यशाळा दक्षिण आफ्रिकेतच भरवली, थुपेलो नावाने. काळे-गोरे चित्रकार एका छताखाली दोन आठवडे रंगकाम करताहेत, हे तेव्हाच्या दक्षिण आफ्रिकेत साधं नव्हतं. १९९१ मध्ये फोर्ड्सबर्गला, जिथे भारतीय वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे, पिशव्यांच्या एका जुन्या कारखान्यात स्टुडिओ उभे राहिले. नावही तेच पडलं, बॅग फॅक्टरी. तिथे आता परदेशातले कलावंत पाहुणे म्हणून येतात. त्याच ट्रँगलच्या जाळ्यातून १९९७ मध्ये आपल्याकडे दिल्लीत ‘खोज’ सुरू झालं. त्याची हकिकत मोठी आहे, ती पुढच्या व्याख्यानात घेऊ.