गोदावरीच्या मुखाशी : कोनसीमा जिल्ह्याची ओळख

गोदावरी म्हटले की आपल्याला त्र्यंबकेश्वर, नाशिकचे रामकुंड, पैठण आणि नांदेड आठवते. नदी तेलंगणात शिरली की ती आपल्या बोलण्यातून जवळजवळ नाहीशी होते. वास्तविक आज आम्हा हैदराबादकरांच्या नळालाही तिचे पाणी येते. सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास संपवून ही नदी जिथे समुद्राला मिळते, त्या कोनसीमा जिल्ह्याची माहिती मंडळाच्या सभासदांसाठी येथे देत आहोत.

स्थान आणि भूरचना

आंध्र प्रदेशात राजमुंद्रीच्या खाली धवळेश्वरम येथे गोदावरीला दोन मोठे फाटे फुटतात. पूर्वेकडची ती गौतमी, पश्चिमेकडची वसिष्ठा. वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते. गौतमी यानमवरून, वैनतेया ओडलरेवुजवळ आणि वसिष्ठा अंतर्वेदीला बंगालच्या उपसागरात जाते. दोन फाटे आणि समुद्र यांच्यामधला त्रिकोण म्हणजे मूळ कोनसीमा. तेलुगूत ‘कोन’ म्हणजे कोपरा. जिल्ह्यात गौतमीच्या पलीकडचा रामचंद्रपुरमचा भागही घातलेला आहे.

येथे डोंगर नाही, खडक नाही. सगळी जमीन नदीने आणलेल्या गाळाची आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. मराठवाड्याच्या शेतांतून पावसाळ्यात वाहून गेलेली काळी मातीही याच गाळात आहे. नदीपात्रातल्या बेटांना ‘लंका’ म्हणतात. तिथे वस्ती आहे, शेती आहे, आणि पूर आला की होडीशिवाय गत्यंतर नसते.

१८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने धवळेश्वरमला बंधारा बांधला आणि दुष्काळाने गांजलेल्या या प्रदेशात कालव्यांचे जाळे पसरले. गोदावरीकाठच्या अनेक गावांत आजही त्यांचे पुतळे दिसतात व त्यांना हार घातले जातात.

लोक

पूर्व गोदावरी जिल्ह्यातून वेगळा काढून ४ एप्रिल २०२२ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय अमलापुरम. स्थापनेच्या वेळी क्षेत्रफळ सुमारे २,०८३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १७ लाख होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला आठशेहून अधिक माणसे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत राहणारी.

दलित समाज येथे मोठ्या संख्येने आहे. लोकसभेचे अध्यक्ष झालेले जी. एम. सी. बालयोगी हे याच भागातले. जिल्ह्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या प्रस्तावावरून २४ मे २०२२ रोजी अमलापुरममध्ये जाळपोळ झाली. तरी नाव कायम झाले. आज जिल्ह्याचे अधिकृत नाव डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा असे आहे.

उपजीविका

भात आणि नारळ ही मुख्य पिके. खरिपाच्या भाताला ‘सार्वा’ आणि उन्हाळी भाताला ‘दाळवा’ म्हणतात. नारळाची मोठी बाजारपेठ अंबाजीपेटला, केळ्यांची रावुलपालेमला. काथ्याचे काम, हातमाग आणि मासेमारी यांवरही अनेक घरे चालतात. आत्रेयपुरमच्या ‘पूतरेकुलु’ या तांदळाच्या पापुद्र्यांच्या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक घरांतल्या स्त्रिया घरकामासाठी आखाती देशांत जातात, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशावर मागे राहिलेले कुटुंब उभे असते.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हा मंडळींना इथली एक गोष्ट विशेष जाणवते. शेत कसणारा पुष्कळदा कौलदार, म्हणजे खंडाने जमीन घेतलेला असतो. उतारा मालकाच्या नावावर, घाम कौलदाराचा. पीककर्ज मागायला गेला की कागद आडवा येतो, मग सावकाराचे दार. बुडालेल्या पिकाची भरपाईही अनेकदा कागदावरच्या नावाला मिळते.

संकटे

ऑगस्ट १९८६ चा महापूर आणि ६ नोव्हेंबर १९९६ चे चक्रीवादळ इथे कोणी विसरलेले नाही. वादळात माणसे गेलीच, शिवाय नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. नारळ पुन्हा धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. जमिनीखाली नैसर्गिक वायू आहे. १९९५ साली पासर्लपुडीच्या विहिरीला लागलेली आग दोन महिन्यांहून अधिक काळ जळत होती.

अलीकडे भातशेतीच्या जागी कोळंबीची तळी वाढली. पैसा लवकर मिळतो, पण खारे पाणी शेजारच्या शेतात व पिण्याच्या विहिरीत झिरपते. पाण्याचा निचरा होत नाही, मजुरी वाढते आणि भाताला भाव नाही, म्हणून २०११ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी खरीप पेरलाच नाही. पाणी दाराशी असताना शेत पडीक ठेवण्याची ही वेळ होती.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. गाळाची जमीन स्वतःच्या भाराने हळूहळू खचत असते. दरवर्षी नवा गाळ आला तरच ती टिकते. १९७० च्या दशकात नदी जेवढा गाळ खाली आणत असे, त्याच्या निम्म्याहून कमी गाळ शतकाच्या अखेरीस येऊ लागला. बाकीचा वरच्या धरणांत अडतो. त्या धरणांत पैठणचा नाथसागरही आहे. जायकवाडीने मराठवाड्याची तहान भागवली, हे खरेच आहे. पण तिथे साठलेल्या गाळाची उणीव अंतर्वेदीच्या किनाऱ्याला भासते, जिथे समुद्र आत सरकतो आहे. नदीच्या पाण्यावर राज्यांनी लवादापुढे पुष्कळ भांडण केले. गाळाचा वाटा मात्र कोणी मागितला नाही.

जायचे असल्यास

अमलापुरमला अद्याप रेल्वे नाही. हैदराबादहून रेल्वेने राजमुंद्री व तिथून रावुलपालेममार्गे रस्त्याने जावे. नोव्हेंबरपर्यंत वादळाचे भय असते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि इथे गोदावरी पुष्करम् असते. पुढचे पुष्करम् २०२७ मध्ये आहे. नाशिकला जाणाऱ्यांनी जमल्यास नदीचे हे दुसरे टोकही पाहून यावे.