दुपारची डुलकी आणि बास्केटबॉलच्या गप्पा

सर जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात अहिल्याबाई होळकरांची दिनचर्या नोंदवून ठेवली आहे. बाई 1795 साली निवर्तल्या होत्या, आणि माल्कम माळव्याच्या कारभारात आला तो 1818 च्या सुमारास. तेव्हा ही दिनचर्या त्याने बाईंना पाहिलेल्या माणसांकडून गोळा केलेली आहे. सूर्योदयापूर्वी तासभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे जेवण, पुन्हा प्रार्थना, आणि त्यानंतर थोडी विश्रांती. विश्रांतीनंतर उठून, पोशाख करून दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. मग दोन-तीन तास पूजाअर्चा व अल्प आहार, आणि रात्री नऊला पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत.

आमचे लक्ष गेले ते त्या थोड्या विश्रांतीकडे. रात्री अकराला निजून पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला झोप मिळते सहा तास. उरलेली तूट दुपारी भरून निघते. हिशेब साधा आहे, पण थोरांच्या चरित्रांतून तो सहसा मांडला जात नाही. आपल्या चरित्रवाङ्मयात पहाट अतोनात आहे. ब्राह्म मुहूर्ती उठणारे, थंड पाण्याने स्नान करणारे, समईच्या उजेडात वाचणारे थोर पुरुष पानोपानी भेटतात. जेवणानंतर अर्धा तास लवंडणारे मात्र क्वचित. माल्कमने ती विश्रांती वगळली नाही आणि तिच्यावर टिप्पणीही केली नाही. पूजेच्या आणि दरबाराच्या मधोमध, त्या दोहोंच्याच पंक्तीला, त्याने तिला बसवले. राज्यकारभाराचा एक भाग म्हणून दुपारच्या झोपेची इतकी निर्मळ नोंद मराठी मुलखाच्या इतिहासात दुसरी आमच्या वाचनात नाही. बाईंचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. 2024 साली त्यांच्याच नावाने अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले.

भाषेकडे पाहिले तर आपली अडचण ध्यानात येते. 'वामकुक्षी' हा शब्दच मुळी झोपेचे नाव घेत नाही. डाव्या कुशीवर होणे एवढेच तो सांगतो, पुढे काय झाले ते ज्याचे त्याने समजावे. बोलीत तर सगळी जबाबदारी अवयवांवर ढकललेली असते. आपण पाठ टेकतो, अंग टाकतो, जरा आडवे होतो, आणि मग डोळा लागतो. 'मी दुपारी झोपलो' असे सरळ कर्तरी वाक्य उच्चारायला मराठी माणसाला जड जाते. व्याकरणाच्या अध्यापकांनी या लाजेचा कधीतरी स्वतंत्र विचार करावा. (पुण्याच्या दुकानांवरील 'एक ते चार बंद' ही पाटी याला अपवाद म्हणावी, तर तिच्यातही झोपेचा उच्चार नाहीच.)

शास्त्राचा मात्र दुपारच्या झोपेला सरसकट विरोध नव्हता. चरकाने दिवसाची झोप ग्रीष्मात योग्य मानली आणि इतर ऋतूंत कफ वाढवणारी म्हणून नाकारली. पण गायनाने, अध्ययनाने, ओझे वाहण्याने वा वाटचालीने थकलेल्यांना ती सर्व ऋतूंत मोकळी ठेवली. विद्यार्थी आणि हमाल एकाच सवलतीत बसतात, ही त्या यादीतली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट. आणि याच जिल्ह्यातल्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या सहाव्या अध्यायात गीतेला अनुसरून निद्रेचेही माप सांगितले आहे. फार झोपणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न झोपणाऱ्यालाही नाही. या विधानाचा उत्तरार्ध आपण कीर्तनांतून फारसा ऐकत नाही.

अवेळी झोपेची किंमतही नगरला ठाऊक आहे. 28 मे 1490 रोजी मलिक अहमदने बहामनी सेनापती जहांगीरखानाच्या बेसावध छावणीवर भल्या पहाटे छापा घातला, तिचा धुव्वा उडवला, आणि जिथे ही लढाई झाली तिथेच बाग निजाम उभी केली. शहर वसले ते या बागेच्या शेजारी. शत्रूच्या ढिलाईवर पाया घातलेल्या या राजधानीने पुढे स्वतःच्या विसाव्यासाठीही वास्तू बांधल्या. 1583 साली पुरा झालेला, चहूकडून पाण्याने वेढलेला फराह बाग महाल हा त्यांतला देखणा. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मुर्तझा निजामशहा बुद्धिबळ खेळत बसे, असे सांगतात. उन्हाळी दुपार, गारवा, खेळ आणि गप्पा, इतकाच त्या वास्तूचा हेतू. राज्य त्याच सुमारास खिळखिळे होत होते, म्हणून त्या दुपारींना दोष द्यावा काय? आमच्या मते, देऊ नये.

खेळाची गोष्ट निघाली आहे तर एका अमेरिकन धाग्याकडे वळू. बोस्टनच्या मंडळाने पाठवलेल्या मिशनऱ्यांनी 1831 साली नगरला ठाणे मांडले. तेच अमेरिकन मराठी मिशन. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, साठ वर्षांनी, डिसेंबर 1891 मध्ये, वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडलेल्या दांडग्या मुलांना गुंतवण्यासाठी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्माला आला. हा खेळ हिंदुस्थानात रुजवण्यात वायएमसीएचा वाटा मोठा. पण मराठी वाचकाने लक्षात ठेवावी ती मुंबईची नागपाडा वस्ती. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाउस उभे केले. हेच मॅनशार्ट पुढे 1936 साली टाटांच्या समाजकार्यशाळेचे पहिले संचालक झाले. त्या दाटीच्या वस्तीत बास्केटबॉल असा काही मुरला, की तिथून राष्ट्रीय संघाचे खेळाडू निघाले. त्यांतले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याच्या कट्ट्यावर या खेळाच्या ज्या गप्पा चालतात त्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. गप्पांचा इतिहास लिहितो तरी कोण!

आता या खेळाचे झोपेशी नाते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, एनबीएत, सामन्याच्या दिवशी दुपारी झोपणे हा जवळजवळ कुळाचार आहे. याचे एक कारण बिल शारमन. 1971-72 च्या हंगामात लॉस एंजेलिस लेकर्सचा प्रशिक्षक म्हणून त्याने सामन्याच्या सकाळी हलका सराव ठेवण्याची पद्धत आणली. संघाने सलग 33 सामने जिंकले, आणि मग सगळ्यांनीच ती उचलली. सकाळी सराव, मग जेवण, संध्याकाळी सामना. मधल्या वेळात सात फुटी देह करणार काय? पाठ टेकणार. खेळाडूंना दुपारी तीनला फोन करू नये, हे संघटनेच्या कचेरीतही सर्वांना ठाऊक असते, असे ॲडम सिल्व्हर 2011 साली, आयुक्तपदावर येण्यापूर्वीच, सांगून गेले. त्याच वर्षी चेरी माह यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातला अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या संघातील 11 खेळाडूंनी पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या फ्री थ्रोची अचूकता 9 टक्क्यांनी वाढली आणि धावण्याची ठरावीक चाचणी 16.2 ऐवजी 15.5 सेकंदांत पुरी झाली. अकरा जणांवरून जगाला नियम लावता येत नाही, हे खरे. पण आपल्या आज्या ज्याला आळस म्हणत, त्याला तिकडे प्रशिक्षण म्हणतात एवढे तरी त्यावरून दिसते.

या धंद्यात आपला माणूसही आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून सॅक्रामेंटो किंग्ज या संघाच्या मालकमंडळाचे प्रमुख. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत एनबीएचे दोन सामने झाले, तेव्हा त्यांचा संघ इंडियाना पेसर्सशी दोन्ही वेळा हरला. पहिल्यांदा जादा वेळेत, 132-131 असा एका गुणाने. संघाला मुंबईच्या घड्याळात दुपारची झोप नीट मिळाली नसावी, असा तर्क करायला आम्हांला आवडते. पुरावा मागू नये.

विनोद इथे थांबतो, कारण झोपेची वाटणी सारखी नाही. घरातली वामकुक्षी पिढ्यान्पिढ्या पुरुषांची होती. त्या वेळात बायका मागचे आवरीत, धान्य निवडीत. अहिल्याबाईंची विश्रांती म्हणूनही आम्हांला मोलाची वाटते: नोंद राहावी अशी दुपार एका बाईच्या वाट्याला आली, ती ती राज्यकर्ती होती म्हणून. त्यांच्याच जामखेडमधून, तसेच पाथर्डी-शेवगावातून, दर हंगामात ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे तोड सुरू, मग मोळ्या बांधणे. ट्रक येईल तेव्हा भरणी, मग ती मध्यरात्र का असेना. कारखाना तीन पाळ्यांत अखंड चालतो आणि त्याला ऊस ताजा लागतो. ओझ्याने थकलेल्यांना चरकाने दिलेली सवलत या हिशेबात कुठेच बसत नाही.

एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन एप्रिलपर्यंत साखळी सामने खेळतो. गळीत हंगामही साधारण त्याच महिन्यांचा. हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी सात वाजता, दुपारची झोप आटोपलेले खेळाडू मैदानात उतरतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. इथला शौकीन डोळे चोळत पडद्यासमोर बसतो, आणि दुपारी त्याचाही डोळा लागतो. त्याच साडेपाचला फडात कोयता चालू झालेला असतो.