शब्दांच्या पडझडीतून श्रद्धेकडे : ह्यूगो बाल

युरोपच्या कलेतिहासात 'दादा' नावाची एक चळवळ होऊन गेली. आपल्या घरातील थोरल्या भावाशी या शब्दाचा संबंध नाही. फ्रेंच बालभाषेत तो खेळण्यातल्या घोड्याला लावतात. या चळवळीचा पाया घालणारा जर्मन कवी व नाट्यकर्मी ह्यूगो बाल कॅथलिक कुटुंबात जन्मला आणि कॅथलिक म्हणूनच निवर्तला. आम्हांस तीच त्याच्या चरित्राची किल्ली वाटते.

बालचा जन्म १८८६ साली पिर्मासेन्स येथे झाला. विद्यापीठात तो नीत्शेच्या विचारांनी भारला गेला आणि पुढे प्रबंध अर्धवट टाकून रंगभूमीकडे वळला. १९१४ साली महायुद्ध पेटताच त्याने सैन्यात जाण्याची धडपड केली. प्रकृतीमुळे त्याला नाकारण्यात आले. मग स्वतःच सीमेवर जाऊन त्याने युद्धाचा संहार पाहिला, आणि त्याचा उत्साह मावळला. १९१५ साली गायिका एमी हेनिंग्जसह तो तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये आला.

५ फेब्रुवारी १९१६ रोजी झुरिचच्या एका अरुंद गल्लीत या दोघांनी 'कॅबरे व्होल्तेर' ही रंगशाळा उघडली. त्याच गल्लीत त्या दिवसांत लेनिन राहत होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये बालने तेथे अर्थहीन ध्वनींच्या कविता म्हटल्या. पाय निळ्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, अंगावर सोनेरी-लाल पुठ्ठ्याचा झगा आणि डोक्यावर उंच टोपी! चालता येईना म्हणून त्याला अंधारात उचलून मंचावर ठेवावे लागले.

हा निव्वळ पोरखेळ नव्हता. देश, शौर्य, संस्कृती या थोर शब्दांच्या आधारे तरुणांना खंदकांत मरावयास धाडले जात होते. भाषाच विटाळली आहे, तर शब्दांपलीकडे जावे, असे त्याला वाटले. पण म्हणता म्हणता शेवट कसा करावा हे सुचेना, तेव्हा त्याच्या आवाजाने आपोआप धर्मगुरूंच्या प्राचीन विलापगीतांची लय धरली. आपल्या गावच्या चर्चमध्ये मृतांसाठी होणाऱ्या मिस्सेत धर्मगुरूंचे शब्द थरथरत ऐकणारा दहा वर्षांचा मुलगा त्याला स्वतःच्या मुखवट्याआड दिसला, असे त्याने रोजनिशीत नोंदविले आहे.

१९१७ साली त्याने दादाचा निरोप घेतला. पुढे जर्मन विचारवंतांवर त्याने कठोर टीकाग्रंथ लिहिला. त्यातील ज्यूद्वेषी मजकूर निषेधार्हच आहे. शब्दांचा विटाळ ओळखणाऱ्याची लेखणीही त्यापासून अलिप्त राहिली नाही, हे आपण विसरू नये.

१९२० साली त्याने एमीशी विवाह केला आणि तो ख्रिस्तसभेत परतला. १९२३ साली पूर्वेकडील तीन संतपुरुषांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांपैकी डायोनिसियस अरेओपगिता या नावाची आद्याक्षरे 'डी' आणि 'ए'. ती दोनदा उच्चारली की 'दादा' होते. त्या संतानेच आपल्याला दोनदा हाक मारली होती, असे बालला नंतर वाटू लागले. अखेरची वर्षे त्याने दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये दारिद्र्यात काढली. मित्र हेर्मान हेसे याचे चरित्र लिहून १४ सप्टेंबर १९२७ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, तो कर्करोगाने वारला.

मिस्सेच्या वेळी बाकावर चुळबुळ करणाऱ्या आपल्या मुलांना काही कळत नाही, असे आपण सहज म्हणतो. पिर्मासेन्सच्या त्या मुलालाही लॅटिन भाषा कितीशी कळत असेल? पण सारे शब्द फोल ठरले त्या घटकेला, बालपणी कानी पडलेली ती लयच त्याच्या मदतीस आली.