मुंबई–लंडन, कैरोमार्गे
१४. ‘कैरोमार्गे पाच हजार मैल’ : एअर इंडिया इंटरनॅशनलने ८ जून १९४८ रोजी सुरू केलेल्या मुंबई–लंडन विमानसेवेचा येथे उल्लेख आहे. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान त्या दिवशी सांताक्रूझहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले. मुंबई व लंडन या दोन शहरांतील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर, सुमारे ७,२०० किलोमीटर असले, तरी थांब्यांमुळे ते ७,९०० किलोमीटरांपर्यंत जाई, व त्यातील निम्म्याहून अधिक वाट कैरोपर्यंतच सरे. लेखकाचा आकडा त्यामुळे अतिशयोक्त म्हणता येत नाही. दट्ट्याच्या इंजिनांचे हे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जात असल्याने उड्डाणालाच सोळा तासांच्या आसपास लागत, इंधन भरण्याचा वेळ वेगळा. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेचार तास मागे असते, म्हणून पुढे दिलेल्या निघण्या-पोहोचण्याच्या स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी केल्यास प्रवास तेवढाच कमी वेळेचा भासतो. आजचे जेट विमान हे अंतर न थांबता साधारण दहा तासांत कापते. परतीला वारे पाठीशी असल्याने वेळ काहीसा कमी लागतो.