मुकुट उतरवणारी राणी

मागे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथवर लिहिलं होतं. ते वाचून एका भाचीने मेलमधून विचारलं, "कुणी बळजबरी केलेली नसताना आपण होऊन राज्य सोडणारी राणी झाली का हो कधी?" झाली ना! स्वीडनची ख्रिस्तिना.

१६२६ साली स्टॉकहोममध्ये तिचा जन्म झाला. अंगावर दाट लव, आवाज घोगरा, त्यामुळे सुइणींना आधी मुलगाच झाला असं वाटलं म्हणे! बाप गुस्ताव अडॉल्फ मोठा लढवय्या. त्याने फर्मावून ठेवलं होतं की पोरीला राजपुत्राचं शिक्षण द्यायचं. १६३२ मध्ये ल्युत्सेनच्या लढाईत तो पडला, तेव्हा ख्रिस्तिनाला सहा वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

पुढची एक-दोन वर्षं वाचताना पोटात कालवतं. तिची आई, मारिया एलेओनोरा, दुःखाने भ्रमिष्टासारखी झाली होती. ती नवऱ्याचं प्रेत पुरू देईना. त्याचं काळीज सोन्याच्या पेटीत जपलेलं, खिडक्यांना काळे पडदे, आणि त्या अंधाऱ्या दालनात सोबतीला ही पोर! दफन झालं ते थेट १६३४ मध्ये. पुढे मुख्य प्रधान ऑक्सेनस्टिएर्नाने मुलीला आईपासून वेगळं केलं आणि स्वतः राज्यकारभाराचे धडे दिले. पोरगी रोज तासन् तास अभ्यास करायची. लॅटिन, फ्रेंच, जर्मन... भाषांचा तर तिला नादच होता. वर्गात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा विद्यार्थ्याचं कौतुक वाटणारच. पण हिला खेळायला कधी मिळालं असेल का, असंही मनात येतं.

१६४४ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने कारभार हाती घेतला. तीस वर्षांचं युद्ध लवकर मिटावं म्हणून ती आपल्याच गुरूच्या, त्या प्रधानाच्या, विरोधात गेली. १६४८ मध्ये वेस्टफालियाचा तह झाला. पण त्याच वर्षी तिच्या सैन्याने प्राग लुटलं आणि बादशहा रुडॉल्फच्या संग्रहातली चित्रं आणि हस्तलिखितं स्टॉकहोमला आणली, हेही सांगायला हवं. त्यातला 'कोडेक्स गिगास' हा अवाढव्य ग्रंथ अजून तिथेच आहे. खर्चाच्या बाबतीत बाईंचा हात फार सैल. सरदारक्या वाटल्या, राज्याच्या जमिनी देऊन टाकल्या.

देकार्तची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. १६४९ मध्ये तिने या तत्त्वज्ञाला बोलावून घेतलं आणि शिकवणीची वेळ ठेवली पहाटे पाचची! आयुष्यभर उशिरापर्यंत अंथरुणात लोळत विचार करणारा हा गृहस्थ, त्यात तिथला हिवाळा. फेब्रुवारी १६५० मध्ये न्यूमोनियाने गेला. राणीने त्याला मारलं असं गमतीने म्हणतात, पण तो ज्याच्या घरी उतरला होता त्या फ्रेंच वकिलाला आधी तोच आजार झाला होता आणि देकार्त त्याची शुश्रूषा करत होता. शिवाय गुरु-शिष्यांचं फारसं जमलंही नव्हतं. असो.

तिला लग्न करायचं नव्हतं. मन कॅथलिक पंथाकडे ओढ घेत होतं, आणि बाप तर प्रॉटेस्टंटांचा कैवारी म्हणून लढताना मेलेला! त्या सिंहासनावर बसून हे जमणं शक्यच नव्हतं. जून १६५४ मध्ये, उप्साला इथे, सत्तावीस वर्षांच्या ख्रिस्तिनाने राज्य आतेभाऊ कार्ल गुस्तावच्या हवाली केलं. मुकुट उतरवायला ठरलेला सरदार जागचा हलेना, तेव्हा तो तिने स्वतःच उतरवला, असं सांगतात. मग पुरुषी वेशात देशाबाहेर, आणि १६५५ च्या अखेरीस रोममध्ये.

इथवर मला ती फार आवडते. पुढे मात्र अडखळायला होतं. राज्य सोडलं तरी राणीपण सुटलं नव्हतं. नेपल्सची गादी मिळावी म्हणून तिने फ्रान्सशी खलबतं केली. त्यात आपला सेवक मोनाल्देस्की याने दगा दिला असं पत्रांवरून दिसल्यावर, नोव्हेंबर १६५७ मध्ये फोंतेनब्लोच्या राजवाड्यात तिने त्याला आपल्या माणसांकरवी ठार करवलं. त्याने आत चिलखत घातलेलं, त्यामुळे बिचाऱ्याला लवकर मरणही येईना. पाद्री गयावया करत होता, पण बाई बधल्या नाहीत. राज्यत्यागाच्या अटींनुसार आपल्या नोकरमाणसांवर तिचा अधिकार होता, म्हणजे कायद्याने तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण कायद्याच्या आधारावर मी तरी तिला माफ करू शकत नाही.

आणि हीच बाई पुढे, १६८६ मध्ये, रोममधल्या ज्यूंना आपलं संरक्षण असल्याचं जाहीर करते! स्वतः कॅथलिक होऊनही, फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांचा छळ झाला तेव्हा त्याचा निषेध करते. रोममध्ये तिने नाटकगृह काढवलं, कोरेल्ली आणि स्कार्लाती या संगीतकारांना आश्रय दिला. एकाच माणसात हे सगळं कसं मावतं, कुणास ठाऊक.

एप्रिल १६८९ मध्ये ती गेली. पॅन्थिऑनमध्ये साधेपणाने पुरा, अशी तिची इच्छा होती. पोपने ती मानली नाही. चार दिवस देह दर्शनाला ठेवला आणि मग सेंट पीटर्सच्या तळघरात पुरला. चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा, हातात राजदंड आणि डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट.